ओव्हरलँड सफारी म्हणजे काय? हत्ती पाहायला निघालेल्या ट्रकच्या वाटेवर ८०० वर्षांपूर्वीची दगडी शहरं

पहाटे पाचला उठायचं. अंधारातच स्वतःचा तंबू स्वतः उतरवायचा, नाश्त्याच्या ताटल्या हवेत हलवून वाळवायच्या आणि ट्रकमध्ये चढायचं. मग सहा-सात तास खिडकीबाहेर मोपानेची झुडपं, अधूनमधून बकऱ्या आणि एखादी सीमाचौकी. संध्याकाळी नव्या जागी पुन्हा तोच तंबू.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात दरवर्षी हजारो लोक पैसे मोजून असा प्रवास करतात. याला ओव्हरलँड सफारी म्हणतात. इन्स्टाग्रामवर या प्रवासाचे व्हिडिओ पाहिले असतील तर त्यात साधारण तीन गोष्टी दिसतात: चोबे नदीत डुंबणारे हत्ती, व्हिक्टोरिया धबधब्यावरचं इंद्रधनुष्य आणि शेकोटी. याच रस्त्यावर दगडात बांधलेली जुनी शहरंही आहेत. ती रील्समध्ये फारशी येत नाहीत. खरं तर ही शहरं आणि ते हत्ती एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत.

ओव्हरलँड सफारी नेमकी कशी असते?

नेहमीच्या सफारीत पर्यटक विमानाने उद्यानाजवळ उतरतो, लॉजमध्ये राहतो आणि उघड्या जीपमधून प्राणी पाहतो. ओव्हरलँडमध्ये देशादेशांतला सगळा प्रवास रस्त्याने होतो. त्यासाठी मोठ्या ट्रकवर खास बांधणी केलेली असते. वर वीसेक जणांची आसनं आणि मोठ्या खिडक्या, बाजूच्या कप्प्यांत तंबू, गॅस, भांडी, पाण्याची टाकी. सामानासाठी लहान लॉकर असतो. तो खरोखरच लहान असतो, त्यामुळे चाकांची कडक सुटकेस नेणारा माणूस पहिल्याच दिवशी पस्तावतो.

सोबत चालक आणि गाईड असतात, कधी वेगळा स्वयंपाकीही असतो. बाकीची कामं प्रवाशांनीच वाटून घ्यायची असतात. आज भाजी चिरणं, उद्या भांडी, परवा ट्रक झाडणं. टॉवेलऐवजी हवेत हलवून भांडी वाळवण्याचा प्रकार ओव्हरलँडवाल्यांची खूणच आहे. कारण साधं आहे: एकच ओला टॉवेल वीस ताटांना फिरवला तर पोट बिघडवणारे जंतूही वीस जणांपर्यंत पोहोचतात.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. हा अवजड ट्रक बहुतेक उद्यानांत मुख्य रस्त्यापुरताच उपयोगी असतो. आतल्या कच्च्या वाटांवर स्थानिक गाईडच्या उघड्या गाडीतून फिरावं लागतं आणि त्याचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात.

ट्रक कोणत्या वाटेने जातो?

सर्वाधिक चालणारी वाट जोहान्सबर्गहून निघते. आधी क्रूगर राष्ट्रीय उद्यान, मग लिंपोपो नदीवरची बाइटब्रिज सीमा ओलांडून झिम्बाब्वे. तिथून सुमारे तीनशे किलोमीटरवर मास्विंगो गाव आणि त्याच्याजवळ ग्रेट झिम्बाब्वेचे अवशेष. पुढे बुलावायो शहर, मातोबोच्या टेकड्या, ह्वांगे उद्यान आणि व्हिक्टोरिया धबधबा. धबधब्यापासून बोत्स्वानातलं कसाने जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. तिथे चोबे उद्यान, मग ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश आणि परत जोहान्सबर्ग. या फेरीला दोन ते तीन आठवडे लागतात. उलट्या दिशेनेही ट्रक जातात.

धबधब्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे आकडेच पुरेत. रुंदी सुमारे १,७०८ मीटर आणि उंची १०८ मीटर. स्थानिक नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर.

ग्रेट झिम्बाब्वे: भिंती कोणी बांधल्या, यावर शंभर वर्षं वाद का झाला?

झिम्बाब्वे या देशाचं नावच या अवशेषांवरून आलं आहे. शोना भाषेतल्या 'दगडाची घरं' अशा अर्थाच्या शब्दांपासून ते बनलं. १९८० मध्ये ऱ्होडेशिया स्वतंत्र झाला तेव्हा नव्या देशाने हे नाव घेतलं आणि इथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर घेतला.

अकराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत इथे शोना भाषकांच्या पूर्वजांची राजधानी होती. जवळपास ७२२ हेक्टरवर पसरलेल्या या जागेचे तीन भाग पडतात: टेकडीवरची बांधकामं, खालचं ग्रेट एन्क्लोजर आणि दरीतली घरं. ग्रेट एन्क्लोजरची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांबीची आहे आणि काही ठिकाणी ११ मीटर उंच. ग्रॅनाइटचे दगड एकावर एक बसवले आहेत. चुना नाही, माती नाही, कसलाही लेप नाही. आत एक शंकूसारखा बुरूज आहे. त्यात खजिना असेल म्हणून लोकांनी खणून पाहिलं, पण तो आतून भरीव निघाला.

या भिंतींवर छप्पर कधीच नव्हतं. राहती घरं मातीची होती, ती विरघळून गेली. म्हणून आज तिथे उभं राहिल्यावर 'हे नक्की कशासाठी?' असा प्रश्न पडतो. किल्ला समजून पाहिलं तर काहीच जुळत नाही. संशोधकांच्या मते या भिंती शत्रूला अडवण्यापेक्षा राजघराण्याला इतरांपासून वेगळं ठेवण्यासाठी आणि सत्ता दाखवण्यासाठी होत्या. लोक किती राहत असतील यावर एकमत नाही. जुना अंदाज १८ हजारांपर्यंत जातो, अलीकडच्या काही अभ्यासकांना तो फारच फुगवलेला वाटतो.

१८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख इथे पोहोचला. दारावरच्या लाकडी तुळईचा तुकडा त्याने तपासला, त्याचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणून तुळई लेबनॉनच्या देवदाराची, म्हणून ही इमारत बायबलमधल्या शेबाच्या राणीची, असा त्याचा तर्क होता. लाकूड बहुधा तिथल्याच तांबोटी झाडाचं होतं.

हा तर्क विनोदी वाटतो, पण पुढे तो राजकारणाच्या कामाला आला. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने हा प्रदेश ताब्यात घेतला. इथे पूर्वी कोणी गोरे किंवा फिनिशियन लोक राज्य करत होते असं ठरलं, तर गोऱ्यांचं येणं म्हणजे 'परत येणं' ठरत होतं. ऱ्होड्सच्या पाठबळावर थिओडोर बेंटने १८९१ मध्ये उत्खनन केलं आणि बांधणारे बाहेरचेच असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर १९०२ पासून रिचर्ड हॉल या पत्रकाराकडे जागेची देखभाल आली. त्याने 'साफसफाई' म्हणून कित्येक फूट जाडीचा मातीचा थर काढून फेकला. ज्या थरात तिथे राहणाऱ्यांची भांडी, चुली आणि वस्तू होत्या, तोच थर गेला. आज ग्रेट झिम्बाब्वेबद्दल अनेक प्रश्नांना उत्तर मिळत नाही, त्याचं मोठं कारण ही साफसफाई आहे.

वैज्ञानिकांनी मात्र लवकरच खरं सांगितलं होतं. डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने १९२९ मध्ये उत्खनन करून हे काम आफ्रिकी लोकांचंच असल्याचं मांडलं. तरीही १९६५ नंतर इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारच्या काळात मार्गदर्शक पुस्तिका आणि संग्रहालयांवर दबाव राहिला. स्मारकांचे निरीक्षक असलेले पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांनी खोटं सांगायला नकार दिला आणि १९७० मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

दगडी पक्ष्यांचं काय झालं, तेही थोडक्यात. मऊ दगडात कोरलेले असे आठ पक्षी इथून सापडल्याची नोंद आहे. त्यातले बरेच ऱ्होड्सच्या काळात केपटाऊनला गेले, एक तर त्याच्या घरात होता. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने चार पक्षी परत केले. एका पक्ष्याचा खालचा भाग जर्मनीत पोहोचला होता, तो २००३ मध्ये परत आला. अवशेषांजवळच्या छोट्या संग्रहालयात हे पक्षी पाहता येतात. बरेच गट वेळ नाही म्हणून हे संग्रहालय वगळतात. ते वगळू नये.

या शहरांचा कोकणाशी काय संबंध?

शहरं उभी राहिली ती गुरं, शेती आणि व्यापारावर. आतल्या पठारावरून सोनं आणि हस्तिदंत समुद्राकडे जायचं, सोफाला आणि किल्वा या बंदरांतून पुढे. ग्रेट झिम्बाब्वेत किल्वाच्या सुलतानाचं चौदाव्या शतकातलं नाणं सापडलं आहे, चिनी भांड्यांचे तुकडेही. पण संख्येने सगळ्यात जास्त मिळतात ते काचेचे मणी. तांबडे, पिवळे, निळे, मोहरीपेक्षा जरा मोठे. यातले अनेक मणी भारतातून गेले होते. सोबत सुती कापड जायचं, पण कापड मातीत टिकत नाही.

रायगड जिल्ह्यातलं चौल हे त्या काळचं मोठं बंदर. तिथे मिळालेल्या मण्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा त्यांची काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अनेक मण्यांच्या काचेशी जुळली. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल मसूदी याने पूर्व आफ्रिकेचं हस्तिदंत ओमानमार्गे भारत आणि चीनला जातं असं लिहून ठेवलं आहे. भारतात त्याच्या तलवारीच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या होत. हाच अल मसूदी सैमूरला, म्हणजे चौललाही येऊन गेला होता.

म्हणजे आज ज्या हत्तींचे फोटो काढायला ट्रक थांबतो, त्यांच्याच पूर्वजांच्या दातांवर या शहरांची श्रीमंती उभी राहिली होती.

मापुंगुब्वे आणि खामी: ट्रक जिथे थांबत नाही

ग्रेट झिम्बाब्वेच्या आधीचं मोठं केंद्र होतं मापुंगुब्वे. लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळ, आजच्या दक्षिण आफ्रिकेत. साधारण १२२० ते १३०० या काळात राजा टेकडीच्या माथ्यावर आणि रयत पायथ्याशी अशी इथली रचना होती. १९३० च्या दशकात माथ्यावरच्या कबरींमध्ये सोन्याच्या पत्र्यात मढवलेला वीतभर लांबीचा गेंडा मिळाला. वस्तू प्रिटोरिया विद्यापीठात गेल्या आणि वर्णभेदाच्या काळात शाळेच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही. गोरे येण्याआधी हा देश जवळजवळ रिकामा होता, असं जिथे शिकवायचं असतं तिथे सोन्याचा गेंडा अडचणीचाच ठरणार. आज देशाच्या सर्वोच्च सन्मानाचं नाव 'ऑर्डर ऑफ मापुंगुब्वे' आहे.

खामी हे बुलावायोपासून वीसेक किलोमीटरवर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याला ग्रेट झिम्बाब्वे ओस पडू लागल्यावर तोरवा घराण्याची राजधानी इथे होती. इथे उंच मोकळ्या भिंती नाहीत. उतारावर दगडी बांध घालून ओटे तयार केले आहेत आणि बांधांच्या दर्शनी बाजूला बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आहे. गर्दी जवळपास नसते. ट्रक बुलावायोत दोन रात्री थांबणार असेल तर अर्धा दिवस काढून टॅक्सीने जाता येतं.

त्याऐवजी बहुतेक गट मातोबोला जातात. ते चूक आहे असं नाही. तिथे गेंडे पायी चालत पाहता येतात, गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. सेसिल ऱ्होड्सची कबरही तिथेच आहे. स्थानिक लोक पवित्र मानतात अशा टेकडीवर त्याने स्वतःसाठी जागा निवडली होती. कबर हलवावी की ठेवावी, हा वाद झिम्बाब्वेत अजून मिटलेला नाही.

'निर्मनुष्य जंगल' कधी होतं का?

सफारीच्या जाहिरातींमध्ये 'माणसाचा स्पर्श न झालेलं' हे विशेषण हमखास असतं. या वाटेवरच्या उद्यानांना ते लागू पडत नाही.

क्रूगरचं उदाहरण घ्या. १८९८ मध्ये साबी अभयारण्य आणि १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यानाच्या उत्तर टोकाला पाफुरी भागात थुलामेला नावाचं दगडी भिंतींचं गाव आहे, ग्रेट झिम्बाब्वेच्याच परंपरेतलं. १९९० च्या दशकात तिथे राजघराण्यातल्या दोघांचे सांगाडे मिळाले आणि अभ्यासानंतर स्थानिक समाजाच्या विधींनी त्यांना पुन्हा पुरण्यात आलं. त्याच पाफुरी भागात माकुलेके लोक राहत होते. १९६९ मध्ये वर्णभेदी सरकारने त्यांना उठवलं आणि जमीन उद्यानाला जोडली. वर्णभेद संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळवली. तिथे परत राहायला न जाता जमीन उद्यानातच ठेवायची आणि लॉजच्या उत्पन्नात वाटा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. ट्रक मात्र सहसा क्रूगरच्या दक्षिण भागात फिरून निघून जातात.

ह्वांगेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. सुमारे १४,६५० चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या मोठ्या भागात कालाहारीची वाळू आहे आणि बारमाही नदी नाही. १९२८ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा हत्ती आजच्या मानाने फार थोडे होते. प्राणी उन्हाळ्यात निघून जाऊ नयेत म्हणून बोअरवेल खणून पाणवठे भरायला सुरुवात झाली. आज ज्या पाणवठ्यावर शंभर हत्तींचा कळप येतो, तिथलं पाणी पंपाने आलेलं असतं. पूर्वी डिझेलवर, आता बऱ्याच ठिकाणी सौरऊर्जेवर. ट्रक शेजारी उभा करून कान दिला तर जुन्या डिझेल पंपाचा आवाज ऐकूही येतो.

याच ह्वांगेच्या हद्दीत बुंबुसी नावाचे दगडी अवशेष आहेत. ती नाम्ब्या लोकांची जुनी राजधानी. जंगल राखीव झालं आणि माणसं बाहेर गेली, भिंती आत राहिल्या.

हत्ती वाचले, मग प्रश्न काय उरला?

२०२२ मध्ये पाच देशांनी मिळून आपल्या सामायिक संरक्षित क्षेत्रात, म्हणजे काझामध्ये, विमानातून हत्ती मोजले. अंदाज निघाला सुमारे २ लाख २७ हजार ९००. त्यातले जवळपास १ लाख ३२ हजार बोत्स्वानात आणि ६५ हजार झिम्बाब्वेत. आफ्रिकेच्या इतर भागांत हत्ती झपाट्याने कमी झाले असताना हा आकडा मोठा आहे.

पण पाऊस दगा देतो तेव्हा हाच आकडा भारी पडतो. २०१९ च्या दुष्काळात झिम्बाब्वेत किमान दोनशे हत्ती मेले. २०२४ मध्ये एल निनोमुळे पिकं गेली आणि सरकारने दोनशे हत्ती मारून मांस वाटण्याचा निर्णय जाहीर केला. जगभरातून टीका झाली. उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं मात्र वेगळं असतं. ह्वांगे, चोबेभोवती बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही. हत्ती रात्री मका खातात, टाक्या फोडतात, माणसंही मारतात. पर्यटनाचा पैसा या गावापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे आणि देशागणिक, गावागणिक त्याचं उत्तर बदलतं.

जायचं असेल तर काय पाहावं?

आधी महिना. प्राणी पाहायला ऑगस्ट ते ऑक्टोबर उत्तम, कारण सगळं पाणी आटलेलं असतं आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. पण तेव्हाच व्हिक्टोरिया धबधबा रोडावतो, झांबियाच्या बाजूला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नुसता कातळ दिसतो. धबधबा मार्च ते मेमध्ये भरभरून असतो, तेव्हा गवत उंच आणि प्राणी विखुरलेले. दोन्ही एकाच फेरीत हवं असेल तर जून-जुलै हा मधला मार्ग. रात्री थंडी चांगलीच असते, हे मात्र तंबूत कळतं. ओकावांगोचं गणित आणखी उलटं आहे. अंगोलात पडलेला पाऊस तिथे पोहोचायला महिने लागतात, त्यामुळे पूर कोरड्या हंगामातच येतो.

मग व्हिसा. भारतीय पासपोर्टवर जोहान्सबर्गहून निघून तिथेच परतायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. झिम्बाब्वेतून एका दिवसासाठी झांबियात डोकावून परत यायचं असेल तर तोच मुद्दा. नियम वारंवार बदलतात, त्यामुळे तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करावी. केनिया किंवा इथिओपियामार्गे विमान असेल तर यलो फीव्हरचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

किंमत विचारताना 'यात काय नाही' हे आधी विचारावं. उद्यानातल्या गाड्या, ओकावांगोतल्या मोकोरो होडीची फेरी, व्हिसा, टिप आणि बाहेरची जेवणं बहुतेकदा वेगळी असतात. झिम्बाब्वेत अमेरिकन डॉलर सर्रास चालतो, पण सुट्टे मिळत नाहीत आणि फाटकी नोट कोणी घेत नाही. एक-पाच डॉलरच्या नोटा भारतातूनच न्याव्यात. शाकाहारी असाल तर बुकिंगवेळीच सांगावं. साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी बहुतेक ठिकाणी मिळते.

बोत्स्वानात जनावरांच्या लाळ्या-खुरकुतापासून बचाव म्हणून रस्त्यांवर तपासणी नाकी आहेत. कच्चं मांस काढून घेतलं जातं आणि प्रवाशांना उतरून औषधात भिजवलेल्या चटईवर चपला बुडवाव्या लागतात. तंबू नदीकाठी असेल तर रात्री पाणघोडे चरायला वर येतात. टॉर्च फिरवून पाहिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हा नियम गाईड दर संध्याकाळी सांगतो.

आणि कार्यक्रमपत्रिकेत 'ग्रेट झिम्बाब्वे' लिहिलं असेल तर तिथे किती तास आहेत ते विचारावं. टेकडीवर चढून, ग्रेट एन्क्लोजर फिरून संग्रहालय पाहायला किमान अर्धा दिवस लागतो. 'वाटेत थांबा' असं उत्तर आलं, तर तो ट्रक फक्त हत्तींकडे निघाला आहे.